आतल्या नळीची कुळकथा

कोडोलीहून पेशंट कोल्हापूरला किंवा मिरजेला हलवायची वेळ आली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, 'तिथं व्हेंटिलेटर मिळंल का?' प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. यंत्राचा श्वास पोहोचतो तो श्वासनळीतल्या नळीतून, आणि ती नळी सांभाळायला माणूस लागतो. श्वासनळीला छेद देण्याचं तंत्र जुनं. तरी त्यानं माणसं जगू लागली ती नळी साफ ठेवणारे हात मिळाल्यावर. 1730 च्या सुमारास स्कॉटलंडच्या जॉर्ज मार्टिननं नळीत नळी बसवायची युक्ती काढली: बाहेरची जागेवर राहील, आतली काढून धुता येईल. सुधारणा किरकोळ वाटते. पण छेदानंतर हवा नाकातून गरम, ओलसर होऊन येत नाही. कफ वाळतो, नळीच्या आतल्या अंगाला खपलीसारखा धरतो आणि जिनं जीव वाचवला तीच नळी बुजते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आर्मां त्रुसोनं घटसर्पाच्या शेकडो मुलांवर ही शस्त्रक्रिया केली. साधारण चौथा हिस्सा जगला. त्याचाही भर नंतरच्या देखभालीवर होता: दुहेरी नळी हवीच, शिवाय मानेभोवती मलमल, म्हणजे आत जाणारी हवा कोरडी राहत नाही. पुढे अमेरिकेच्या शेव्हेलियर जॅक्सननं शस्त्रक्रियेला शिस्त लावली. त्याच्या नावाची धातूची नळी आपल्याकडच्या वॉर्डांनीही वर्षानुवर्षं वापरली.

यावर कुणी म्हणेल, श्वासाचे स्नायूच लुळे पडले तर नळी धुऊन काय होणार? तिथं यंत्रच हवं. उत्तर 1952 च्या कोपनहेगनमध्ये आहे. पोलिओच्या साथीत तिथल्या रुग्णालयात लोखंडी फुफ्फुस, म्हणजे त्या काळचं श्वास देणारं यंत्र, एकच होतं, आणि पहिल्या तीन आठवड्यांत श्वास अडलेल्या 31 पैकी 27 जण दगावले. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेननं गळ्यात नळी घालून हातानं पिशवी दाबायची पद्धत आणली. सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून पिशव्या दाबल्या, परिचारिकांनी कफ ओढला, कूस बदलली. मृत्यू झपाट्यानं उतरले. अतिदक्षता विभाग जन्मला तो असा. आधुनिक व्हेंटिलेटरचा प्रसार त्यामागून झाला.

ही शुश्रूषा आपल्या भागाला परकी नाही. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत इस्पितळ उभारलं, तिथं परिचारिकाही घडवल्या. त्याच मिशनचं केंद्र कोडोलीतही होतं.

आता यंत्रं हुशार झाली, अलार्म देतात, हेही खरं. पण अलार्म फक्त दाब वाढल्याचं सांगतो. नळी वाकली, पेशंटनं चावली की कफ अडकला, हे सिस्टरलाच वाकून बघावं लागतं. कीटकनाशक पोटात गेलेल्या पेशंटच्या घशात तर स्राव भरतच राहतो. सक्शन करताना कफाबरोबर ऑक्सिजनही ओढला जातो, म्हणून एका खेपेला जेमतेम 15 सेकंद. आधी-नंतर ऑक्सिजन वाढवायचा आणि नजर मॉनिटरवर. रात्री तीन वाजता हे सगळं करायला माणूस जागेवर असावा लागतो. अतिदक्षतेत एका पेशंटमागे एक परिचारिका हा निकष कागदावर आहेच. खरेदीच्या यादीत मात्र यंत्र आधी येतं आणि पदभरती मागं राहते.