दिवसाची कीर्द, वर्षाची खतावणी : महाराष्ट्रातील आत्महिशेबाची परंपरा

आपण रोज काय करतो, किती करतो आणि त्यातून आपल्यात काही पालट होतो की नाही, याची नोंद ठेवण्याची सवय ही आधुनिक काळाची देणगी आहे, अशी समजूत आज सर्वत्र आढळते. मोबाइलमधील पावलांची मोजणी, सवयींचे तक्ते आणि सलग दिवसांचे आकडे यांमुळे ती समजूत बळावली असली, तरी महाराष्ट्राच्या इतिहासात या सवयीची मुळे बरीच खोल गेलेली दिसतात. ती मुख्यतः तीन ठिकाणी सापडतात : घरातील नेमधर्मात, सरकारी व व्यापारी दफ्तरांत आणि विसाव्या शतकातील आश्रमजीवनात. या तीन प्रवाहांचा संगम झाला, तेव्हाच दैनंदिन नोंदीला आत्मसुधारणेच्या साधनाचे रूप आले.

यांपैकी सर्वांत जुना प्रवाह नेमाचा. नेम म्हणजे ठरावीक काळापुरते किंवा जन्मभरासाठी स्वतःवर घालून घेतलेले बंधन. त्याचा आरंभ संकल्पाने होतो आणि शेवट उद्यापनाने, म्हणजे व्रत पूर्ण झाल्याच्या विधीने होतो. या दोहोंच्या मधला सगळा काळ मोजदादीचा असतो. लाखोली वाहणे, म्हणजे एखाद्या देवतेला एक लक्ष फुले, दूर्वा किंवा बेलाची पाने वाहणे, आणि लक्षवाती, म्हणजे कापसाच्या एक लक्ष वाती वळणे, ही व्रते या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. रोज हजार वाती वळल्या तर लक्ष पुरे व्हायला शंभर दिवस लागतात, हा हिशेब चातुर्मासाच्या चार महिन्यांत बसतो, पण मध्ये दिवस चुकले तर पुढे रोजचा आकडा वाढवावा लागतो. मोठे उद्दिष्ट दिवसांत वाटून घेणे, रोजचा वाटा ठरवणे आणि चुकलेल्या दिवसाची भरपाई करणे या तिन्ही गोष्टी अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही बिनचूक करीत, कारण त्यांची वही म्हणजे बाजूला काढून ठेवलेले दाणे किंवा मोजून बांधलेल्या वातींच्या जुड्या असत. एकशे आठ मण्यांची जपमाळ हेही मोजणीचेच साधन होय. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीस बारा वर्षे राहून तेरा कोटी जप केला, असे परंपरा सांगते. त्या आकड्याची ऐतिहासिक शहानिशा हा वेगळा विषय आहे; पण साधना संख्येत सांगण्याची रीत समाजाला किती सहज वाटत होती, हे त्यावरून कळते.

नेमात मोजणी होती, मात्र दिवसाची लेखी नोंद नव्हती. ती दफ्तरातून आली. 'रोजनिशी' हा शब्द फारसी वळणाचा असून त्यात 'रोज' म्हणजे दिवस आणि 'नविसी' म्हणजे लिहिणे यांचा मेळ आहे. फडणवीस आणि चिटणीस या पदनामांतही लेखनवाचक तोच अंश आहे. पेशव्यांच्या दफ्तरातील दैनंदिन नोंदींत जमाखर्च, सनदा, नेमणुका, तंट्यांचे निवाडे असा राज्यकारभाराचा सारा पसारा तारीखवार उतरलेला आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी मालिकारूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या संग्रहालाही रोजनिशी हेच नाव पडले. ही रोजनिशी मनाची नव्हती, कारभाराची होती. परंतु झालेला व्यवहार त्याच दिवशी, त्याच क्रमाने, खाडाखोड न करता लिहावा, ही शिस्त तिनेच रुजवली.

हिशेबनिसीतील दोन संज्ञा येथे समजून घेणे आवश्यक आहे. कीर्द म्हणजे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने, दिवसवार लिहिण्याची वही; आणि खतावणी म्हणजे कीर्दीतील त्याच नोंदी निरनिराळ्या खात्यांवर उचलून मांडलेली वही. कीर्द वाचली की दिवस कसा गेला ते कळते. खतावणी वाचली की कोणत्या खात्यात काय जमले आणि काय थकले ते कळते. आत्मपरीक्षणाच्या नोंदींनाही हीच विभागणी नेमकी लागू पडते. नुसती रोजनिशी ही आयुष्याची कीर्द आहे आणि जोवर तिची खतावणी होत नाही, तोवर प्रगती झाली की नाही हे सांगता येत नाही. अठराव्या शतकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी तेरा सद्गुणांचा तक्ता करून दर आठवड्याला एका गुणावर विशेष लक्ष देण्याची आणि चुकीच्या जागी काळा ठिपका देण्याची जी पद्धत आत्मचरित्रात नोंदवली आहे, तीही मुळात खतावणीच होती.

महाराष्ट्रात अशा खतावणीचा उत्तम नमुना एका पत्रात सापडतो. विनोबा भावे 1916 साली अहमदाबादजवळच्या गांधीजींच्या कोचरब आश्रमात दाखल झाले आणि 1917 मध्ये वर्षभराची रजा घेऊन वाईस गेले. तेथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे व ब्रह्मसूत्रांसारख्या ग्रंथांचा अभ्यास केला. 1918 च्या फेब्रुवारीत त्यांनी गांधीजींना पाठवलेले पत्र म्हणजे त्या वर्षाचा खातेवार ताळेबंदच आहे. अभ्यासाच्या खात्यात वाचलेले ग्रंथ, अध्यापनाच्या खात्यात गीता व ज्ञानेश्वरी शिकवलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, प्रवासाच्या खात्यात गडकिल्ल्यांसह सुमारे चारशे मैलांची पायी भ्रमंती आणि प्रकृतीच्या खात्यात आधी दहाबारा मैल चालणे, मग सहा ते आठ शेर दळण, आणि शेवटी तीनशे सूर्यनमस्कार अशी चढती नोंद त्यात आहे. विशेष म्हणजे अध्यात्म आणि जात्यावरचे दळण ही खाती एकाच पानावर, एकाच गांभीर्याने मांडलेली आहेत. विशीतल्या या तरुणाने मागितली होती वर्षाची मुदत, आणि मुदत भरताच तो आश्रमात परतला. मधल्या काळात त्याच्यावर देखरेख ठेवणारे कोणी नव्हते. तरीही हिशेब मात्र त्याने कोणाला तरी दिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हिशेब देण्याची ही रीत पुढे साबरमतीच्या आश्रमात नियम बनली आणि तिचे मुख्य माप सूत हे ठरले. सूत गुंडाळण्याच्या चौकटीचा चार फुटांचा एक फेरा म्हणजे एक तार, 160 तारांची एक लटी आणि चार लटींची, म्हणजे 640 तारांची, एक गुंडी, असे हे कोष्टक होते. दिवसभरात कातलेल्या तारांची संख्या आश्रमीयाला सांगता येई, वहीत मांडता येई आणि कालच्या संख्येशी ताडून पाहता येई. लहान, ठरीव आणि कोणालाही मोजता येईल असे एकक सापडल्यावाचून सवय जडत नाही, हे तत्त्व वातींच्या व्रतात होते तेच येथे चरख्यावर आले. 1930 च्या दांडीयात्रेत 78 सत्याग्रही साबरमतीहून निघाले, तेव्हा सुमारे 240 मैलांच्या त्या पायपिटीतही प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशी या तीन गोष्टी प्रत्येकाला बंधनकारक होत्या.

रोजनिशीविषयी गांधीजींची धारणा स्पष्ट होती. आश्रमवासीयांसाठी लिहिताना त्यांनी असे सुचवले की, रोजनिशीत केलेल्या कामाची आणि झालेल्या चुकांची नोंद असावी, चुकांवर लांबलचक भाष्य नसावे आणि दुसऱ्याचे दोष तर नसावेतच. लिहिणारा सच्चा नसेल तर रोजनिशी खोट्या नाण्यासारखी ठरते आणि सच्चा असेल तर तिचे मोल सोन्याच्या मोहरेहून अधिक असते, हाही त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कीर्दीत खाडाखोड चालत नाही, या दफ्तरी नियमाला येथे नैतिक अर्थ प्राप्त झाला.

तथापि, याच काळातील एका प्रयोगाने मोजणीची मर्यादाही दाखवून दिली. 1924 च्या डिसेंबरात बेळगाव येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने सभासदत्वासाठी महिना दोन हजार यार्ड सुताची अट मान्य केली. ती फार जड नव्हती. दोन हजार यार्ड म्हणजे दीड हजार तार आणि तीस दिवसांत वाटले तर रोजचे पन्नास तार, एवढाच तिचा भार होता. परंतु ज्यांना स्वतः कातण्याची इच्छा नव्हती, त्यांना दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची मुभा ठेवावी लागली आणि वर्ष पुरे होण्याआधीच, 1925 च्या सप्टेंबरात, सुताऐवजी चार आणे वर्गणी भरण्याचा पर्याय स्वीकारावा लागला. विनोबांचे तीनशे सूर्यनमस्कार आणि नाखूष सभासदाचे दोन हजार यार्ड हे दोन्ही कागदावर आकडेच होते. पहिल्यामागे संकल्प होता, दुसऱ्यामागे केवळ अट. संकल्पावाचून लादलेली मोजणी माणसाला घडवत नाही, ती त्याला पळवाट शोधायला शिकवते, हा या प्रयोगाचा धडा आहे.

याच्या उलट उदाहरण पुन्हा विनोबांचेच आहे. 1938 साली प्रकृती पार खालावून वजन 88 पौंडांवर आले असता ते वर्ध्याजवळ पवनारला राहायला गेले आणि शेतात खणण्याचे काम त्यांनी पहिल्या दिवशी अवघ्या पाच मिनिटांनी सुरू केले. रोज थोडी थोडी मिनिटे वाढवत ते तासांपर्यंत गेले आणि काही महिन्यांत त्यांचे वजन 128 पौंडांपर्यंत वाढले. येथे अट घालणारा आणि हिशेब घेणारा एकच होता. ज्याला झेपेल तेवढेच पहिल्या दिवशी मागितले गेले आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी थोडे अधिक मागता आले.

या सर्व इतिहासातून एक निष्कर्ष निश्चितपणे काढता येतो. दैनंदिन नोंदीला बळ देणाऱ्या गोष्टी तीन : आपणहून केलेला संकल्प, मोजता येईल असे लहान एकक आणि खरा हिशेब ज्याच्यापुढे मांडायचा असा कोणी, मग तो देव असो, गुरू असो वा स्वतःचीच विवेकबुद्धी असो. आजच्या साधनांनी यांपैकी दुसरी गोष्ट अतिशय सोपी केली आहे. पावले आपोआप मोजली जातात आणि तक्ते आपोआप भरतात. पहिली आणि तिसरी गोष्ट मात्र कोणतेही यंत्र पुरवू शकत नाही. म्हणून ज्याला आपल्या दिवसांची नोंद ठेवायची आहे, त्याने आधी आपला नेम काय आणि आपण हिशेब कोणाला देणार, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. कीर्द त्यानंतर सुरू करावी.