वंगणाची विद्या

‘वंगण’ हा शब्द आज आपण कोणत्याहि यंत्रांतील तेलाला लावितों. त्याचें माहेर मात्र बैलगाडीच्या आंसापाशीं आहे. जो शब्द घरोघरचा असतो, त्याच्या मागची विद्याहि एके काळीं घरोघरचीच असते, असें मानावयास हरकत नाहीं. या दृष्टीनें पाहूं गेल्यास वंगणाचा इतिहास हा केवळ तेलाचा इतिहास राहत नाहीं. घरच्या यंत्राची देखभाल घरच्या माणसाच्या हातून कशी सुटत गेली, याचाहि तो इतिहास होतो. आज ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारी तालुक्याच्या गांवींहि दिसूं लागल्या आहेत. त्यांच्या गिअरबॉक्समधील तेल घरीं बदलावें कीं नाहीं, हा प्रश्न त्यामुळें अगदीं व्यवहाराचा झाला आहे. त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं थोडें मागें जाऊन पाहणें उपयोगाचें होईल.

उदाहरणादाखल घनसावंगीचाच मुलूख घेऊं. समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब याच तालुक्यांत असल्यामुळें हा भाग पुष्कळ वाचकांस नांवानें तरी परिचित असेल. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. जालना जिल्हा स्वतंत्र झाला तो १९८१ सालीं. काळी जमीन, दक्षिणेस गोदावरी, पावसाळ्यांत चाक रुतवून ठेवणाऱ्या वाटा आणि सर्वांची ओढ अंबडवरून जालन्याच्या पेठेकडे, असें या प्रदेशाचें रूप होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाड-सिकंदराबाद रेल्वे जालन्यावरून गेली, आणि कापसाच्या व धान्याच्या गाड्यांना पेठेबरोबर स्टेशनहि मिळालें. संस्थानच्या रेल्वेखात्यानें १९३२ सालीं २७ बसगाड्यांनिशीं प्रवासी वाहतूक सुरू केली. तरी खेड्यांतील मालाची ने-आण त्यानंतरहि पुष्कळ वर्षें बैलगाडीच करीत राहिली.

या गाडीच्या चाकाचा तुंबा आंसावर फिरतो. लोखंडावर लोखंड घासलें म्हणजे उष्णता उत्पन्न होते, आंस झिजतो आणि बैलांचें ओझें वाढतें. म्हणून एरंडेलांत काजळी किंवा जळक्या चिंध्यांची राख कालवून दाट वंगण करीत, आणि तें बांबूच्या नळ्यांत भरून नळा गाडीखालीं टांगून ठेवीत. लांबच्या वाटेला निघण्यापूर्वीं चाकाची खीळ काढावी, चाक बाहेर ओढावें, जुनें काळें वंगण चिंधीनें पुसून काढावें आणि मग नवें लावावें, असा क्रम असे. जुनें पुसल्यावांचून नवें लावूं नये, हा त्यांतील मुख्य धडा. जुन्या वंगणांत वाटेची धूळ आणि लोखंडाचा कीस मिसळलेला असतो. त्यावरच नवें तेल ओतणें म्हणजे वाळूनें आंस घासण्यासारखेंच आहे. हा धडा कोणी पुस्तकांतून शिकविला नाहीं. चाक धरून उभा राहिलेला मुलगा तो पाहूनच शिकत असे. आणि चाक कुरकुरूं लागलें म्हणजे वंगण सरलें, हें घरांतील सर्वांस ऐकूनच कळत असे.

हें खेडवळ एरंडेल जगाच्या यंत्रविद्येंतहि मानाचें होतें, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. हैदराबाद संस्थान एरंडीच्या पिकासाठीं, विशेषतः त्याच्या तेलंगणांतील भागामुळें, प्रसिद्ध होतें. इंग्लंडांतील वेकफील्ड यांच्या कंपनीनें १९०९ सालीं आपल्या मोटारतेलाला ‘कॅस्ट्रॉल’ असें जें नांव दिलें, तें एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नांवावरूनच. पहिल्या महायुद्धांतील अनेक विमानांचीं एंजिनें एरंडेलावर चालत. कारण तें पेट्रोलमध्यें सहजासहजीं विरघळत नसे व तापल्यावरहि धातूला धरून राहत असे. बैलगाडीचा आंस आणि विमानाचें एंजिन यांचें वंगण एकाच झाडाचें असण्याचा तो काळ होता.

पुढें खनिज तेलानें एरंडेलाची जागा घेतली. हवेच्या टायरची बैलगाडी आली, तिच्या चाकांत बेअरिंगें आलीं आणि नळ्याऐवजीं ग्रीसचा डबा घरांत आला. तरी येथवर तेलाचें काम एकच होतें : दोन धातूंच्या मध्यें पडून त्यांचें भांडण मिटविणें. त्याच्या स्वभावांत खरा पालट झाला तो ट्रॅक्टरमुळें. हॅरी फर्ग्युसनच्या योजनेचा जो ट्रॅक्टर १९३६ पासून विकला जाऊं लागला, त्यांत मागचें अवजार तेलाच्या दाबानें उचललें जात असे. आज शेतकऱ्याच्या अंगणांत उभ्या असलेल्या पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मागच्या पेटींत एकच तेल दांतेचक्रांना वंगण देतें, नांगर उचलतें आणि ब्रेकहि थंड ठेवितें. वंगण हें नुसतें वंगण न राहतां गडी बनलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ऑटोमॅटिक मोटारींत या गड्याची बढती होऊन तो कारभारी झाला. छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, अठराव्या शतकांतील पाणचक्की आहे. तेथें वाहत्या पाण्याच्या जोरानें चाक फिरे व धान्य दळलें जाई. आतां असें समजा, कीं एक चाक एंजिनानें फिरविलें, त्यानें तेलाला वेग दिला, आणि त्या तेलाच्या जोरानें समोरचें दुसरें चाक फिरूं लागलें. दोन्ही चाकांत कोठेंहि धातूची गांठ नाहीं. मध्यें आहे तें केवळ तेल. हर्मान फ्योटिंगर या जर्मन एंजिनियरानें १९०५ सालीं या योजनेचें पेटंट घेतलें, तें जहाजांसाठीं. मोटारींत ती पूर्ण स्वयंचलित गिअरसह मोठ्या प्रमाणावर आणली जनरल मोटर्सनें, १९३९ सालीं, ‘हायड्रामॅटिक’ या नांवानें. या पेटींत तेल एंजिनाचें बळ चाकांकडे पोंचवितें, दाबानें गिअर बदलतें, आंतील क्लचांच्या चकत्यांना हवी तेवढीच पकड देतें, उष्णता वाहून नेतें आणि उरल्या वेळांत वंगणाचेंहि काम करतें.

अशा तेलाला वाटेल तें घालून भागेना. १९४९ सालीं जनरल मोटर्सनें त्यासाठीं ‘टाइप ए’ हें मानक ठरविलें आणि १९६७ सालीं ‘डेक्सरॉन’. एंजिनच्या तेलापासून वेगळें ओळखूं यावें म्हणून त्याला तांबडा रंग देण्याची चाल पडली. चकत्यांची पकड मऊ व्हावी यासाठीं त्या काळच्या तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल मिसळीत. १९७० सालीं अमेरिकेनें हा देवमासा नष्ट होण्याच्या मार्गावर असलेल्या प्राण्यांच्या यादींत घातला, आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरीं द्रव्यें शोधावीं लागलीं. वाळवंटांतील जोजोबा नांवाच्या झुडपाचें तेल गुणांनीं त्याच्याजवळचें ठरलें. बाकीचें काम प्रयोगशाळेंतील द्रव्यांनीं उचललें. शेताच्या बांधावरचें वंगण समुद्रांत गेलें आणि तेथून कारखान्यांत आलें, तें असें.

या प्रवासांत घरचा माणूस मागें पडत गेला, आणि त्यांत त्याचा दोष थोडाच होता. पूर्वीं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाहि तेल पाहण्याची कांडी असे; पुढें अनेक गाड्यांतून ती नाहींशी झाली. कित्येक कारखानदारांनीं ‘हें तेल गाडीच्या आयुष्यभराचें आहे, बदलावें लागत नाहीं’ असें सांगण्यास आरंभ केला. हें आयुष्य कोणाचें, असा प्रश्न येथें विचारणें भाग आहे. पहिल्या मालकाकडून गाडी दुसऱ्याकडे जाईपर्यंतचें, कीं गिअरबॉक्स निकामी होईपर्यंतचें? पुष्कळ मोटारींना गिअरबॉक्स पुरविणारी झेड. एफ. ही जर्मन कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान, किंवा फार तर आठ वर्षांनीं, तेल बदलण्याची शिफारस करते. उष्णतेनें तेल विटतें व चकत्यांचा कीस त्यांत उतरतो. पेटी बंद केल्यानें निसर्गाचा हा नियम बंद पडत नाहीं.

तर मग हें काम घरीं करावें काय? प्रथम आपली गाडी कोणत्या जातीची आहे तें पाहावें. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्या देशांत ए. एम. टी. गाड्यांचा प्रसार सुरू झाला. त्यांतील गिअरबॉक्स साध्या हातगिअरचाच असतो; गिअर बदलणारा हात तेवढा यंत्राचा. म्हणून त्यांत साधें गिअर तेलच लागतें. सी. व्ही. टी. गाडीचें तेल निराळें, दुहेरी क्लचच्या गाडीचें आणखी निराळें, आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीचें, म्हणजे वर वर्णिलेल्या पाणचक्कीच्या जातीचें, तें खरें ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तेल. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत जें नांव छापलें असेल तेंच घालावें. येथें एकाच्या जागीं दुसरें घालणें म्हणजे दुधांत ताकाऐवजीं लिंबू पिळून दह्याची वाट पाहणें होय.

मग सपाट जागा पाहावी. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखालीं कधींहि शिरूं नये. पक्के लोखंडी स्टँड लावावे आणि गाडी चोहों बाजूंनीं समपातळींत ठेवावी. तेल कोमट असावें, पोळणारें नसावें. खालचें बूच काढण्यापूर्वीं तेल भरण्याचें बूच निघतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें. नाहीं तर पेटी रिकामी होते आणि भरण्याची वाट अडून बसते. निघालेलें तेल मापून घ्यावें व तेवढेंच नवें भरावें. शेवटची पातळी पुस्तिकेंत दिलेल्या तपमानासच पाहावी, कारण तापलेलें तेल फुगतें. बुचावर किंवा तळच्या तबकांत लोहचुंबक असल्यास त्यावरची राखाडी, मऊ चिकटण पुसावी. तेथें धातूचे तुकडे आढळले तर काम थांबवून कुशल कारागिराकडे जावें. तेलाला जळका वास येत असेल आणि गाडी गिअर धरतांना घसरत असेल, तर नव्या तेलाकडून चमत्काराची अपेक्षा करूं नये.

एका बाबतींत मात्र बैलगाडीचा जुना धडा येथें पुरता पाळतां येत नाहीं. टॉर्क कन्व्हर्टरमध्यें पुष्कळ तेल अडकून राहतें, आणि बूच काढून एका वेळीं बहुधा निम्म्याच्या आंतच तेल निघतें. जुनें सगळें पुसून नवें लावणें अशक्य. म्हणून थोड्या थोड्या अंतरानें दोन-तीनदां बदलावें लागतें. ज्याच्या गाडीस पातळी पाहण्यासाठीं संगणकी यंत्र लागतें, किंवा ज्याच्यापाशीं समतल जागा व स्टँड नाहींत, त्यानें हें काम घरीं करूं नये, हेंच शहाणपणाचें.

राहिला प्रश्न निघालेल्या तेलाचा. खेड्यांत असें काळें तेल वाळवी लागूं नये म्हणून लाकडाला फांसतात, किंवा सरळ उकिरड्यावर ओततात. एरंडेल मातींत मुरलें तर कालांतरानें मातीचेंच होई. हें तसें होत नाहीं. आपल्या कायद्यानें वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत गणलें आहे, आणि ज्या मुलुखांत विहिरीच्या पाण्यावर उन्हाळा काढावयाचा असतो तेथें कायदा नसता तरी हें कळावयास हवें होतें. तें झांकणाच्या डब्यांत भरून, जुनें तेल गोळा करून अधिकृत पुनर्वापराकडे पाठविणाऱ्या गॅरेजकडे पोंचवावें.

घरच्या यंत्राची ओळख घरच्या माणसास असावी, ही अपेक्षा हौसेची नव्हे, स्वातंत्र्याची आहे. दुरुस्तीचें मोठें केंद्र घनसावंगीहून दूर आहे; तेथें गाडी घेऊन जाणाऱ्याला आपल्या गिअरबॉक्सांत काय आहे, तें केव्हां व कां बदलावयाचें, एवढें जरी ठाऊक असलें तरी तो तेथें निव्वळ गिऱ्हाईक म्हणून उभा राहत नाहीं. काम स्वतः करणें अगर जाणून दुसऱ्याकडून करवून घेणें, दोन्ही मार्ग चांगलेच. न जाणतां गाडी सोंपवून येणें हा मात्र तिसरा मार्ग आहे, आणि ज्यांच्या घरीं एके काळीं वंगणाचा नळा टांगलेला असे त्यांनीं तरी तो पत्करूं नये.