न्यूट्रॉन नको? मग बोरॉन घ्या!

फ्यूजन म्हटलं की ‘स्वच्छ ऊर्जा’ हे शब्द येतातच. पण बहुतेक प्रयोग ज्या ड्युटेरियम-ट्रिशियमवर बेतलेले आहेत, त्यातली सुमारे 80 टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन पळतो. तो भट्टीच्या भिंतीत घुसतो, पोलाद ठिसूळ करतो, वर किरणोत्सारीही करतो.

मग न्यूट्रॉनशिवायची प्रक्रिया नाहीच का? आहे की! आणि तीही जुनी. 1933 साली केंब्रिजमध्ये ऑलिफंट आणि रदरफर्ड यांनी बोरॉनवर प्रोटॉनचा मारा केला, तर बाहेर पडले अल्फा कण. एका बोरॉन-11 मागे तीन, तिन्ही विद्युतभारित. म्हणजे टर्बाइन न फिरवता थेट वीज काढायची सोय, निदान कागदावर तरी.

घोडं अडलं कुठे? एक तर तापमान. ट्रिशियमला दहा-पंधरा कोटी अंश पुरतात, इथे शंभर कोटींच्या वर लागतात. पण खरी गोम वेगळीच. बोरॉनच्या केंद्रकात प्रोटॉन पाच. जवळून जाणारे इलेक्ट्रॉन त्याच्या ओढीने वळतात आणि क्ष-किरण फेकतात, हायड्रोजनपेक्षा पंचवीसपट. 1995 मध्ये एमआयटीत टॉड रायडर यांनी प्रबंधात हिशेब मांडला: फ्यूजनमधून जेवढं मिळतं, त्याहून जास्त या किरणांतूनच गळतं! नंतरच्या गणितांनी थोडी आशा दाखवली. थोडीच हं.

2023 मध्ये जपानच्या एलएचडी यंत्रात, टीएई या अमेरिकी कंपनीच्या शास्त्रज्ञांसोबत, चुंबकीय पिंजऱ्यातल्या प्लाझ्मात ही प्रक्रिया पहिल्यांदा मोजली गेल्याचं जाहीर झालं. बोरॉनची भुकटी तिथे टाकायचे ती खरं तर भिंतींची काळजी घ्यायला! अल्फा कण दिसले. घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा मात्र अजून कुणालाच मिळालेली नाही.