शून्य-शून्य-साठ

काटोल-नरखेडच्या संत्राबागांत घालतात त्या लाल पोटॅशच्या पोत्यावर आकडा असतो ०-०-६०. नत्र नाही, स्फुरद नाही, नुसता पालाश. युरोपात लाकडाच्या राखेचं पाणी भांड्यात, म्हणजे ‘पॉट’मध्ये आटवत, त्यावरून पोटॅश. आपल्याकडे वैद्य पळसाच्या राखेतून पलाशक्षार काढत आले. ‘पालाश’ म्हणताना विदर्भातल्या माणसाला पळस आठवतोच. पोत्यातले खडे मात्र झाडाचे नाहीत, आटलेल्या समुद्राचे आहेत.

लिटरभर समुद्राच्या पाण्यात सोडियम जवळजवळ ११ ग्रॅम, पोटॅशियम जेमतेम ०.४. पाणी आटू लागलं की आधी चुनखडी तळाला बसते, मग जिप्सम, दहापट दाट झाल्यावर मीठ. पोटॅशियम मोठं चिवट. साठपटीच्या पुढे गेल्याशिवाय ते पाणी सोडत नाही. बसल्यावरही एखाद्या भरतीने पुन्हा विरघळायचं. म्हणून कुठेही जा, पळसाला पानं तीनच: खुल्या समुद्रापासून तुटलेली खाडी, कोरडं ऊन आणि वर वेळेत पडलेलं गाळाचं झाकण. उथळ राहिलेलं भूजलाने केव्हाच धुऊन नेलं. उरलं ते खोल गाडलेलं.

शेवटी बसतं ते वर बसतं. जर्मनीत श्टासफुर्टला १८५०च्या दशकात मिठासाठी खाण खणली, तर मिठाआधी हे कडवट क्षार लागले. ते अडगळ म्हणून बाजूला टाकले! १८६१मध्ये आडोल्फ फ्रांकने त्याच अडगळीचा कारखाना काढला. कॅनडातल्या सस्कॅचेवानला १९४३मध्ये तेल शोधताना पोटॅश सापडलं. तिथल्या क्षारातल्या लोहामुळे खडे लाल दिसतात.

भारतातले असे थर राजस्थानच्या नागौर-गंगानगर खोऱ्यात, सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचे. नागौर-नागपूर हा अनुप्रास योगायोगाचा. खरा दुवा नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आहे. १९७२मध्ये स्थापन झालेल्या आणि तिथे मुख्यालय असलेल्या एमईसीएल या सरकारी खनिजशोध कंपनीने, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणापाठोपाठ, त्या खोऱ्यात बोअर मारून पोटॅशचा शोध घेतला. जानेवारी २०२१मध्ये राजस्थानच्या खनिज खात्याशी आणि तिथल्या सरकारी खाण कंपनीशी तिने करार केला तो खाली माणूस न उतरवता क्षार काढता येईल का, हे तपासण्यासाठी. बोअरमधून पाणी सोडायचं, क्षार विरघळवायचा, खारं पाणी वर खेचायचं. अमेरिकेत मोआबजवळ असं पाणी उघड्या तळ्यांत वाळत घालतात, आणि ऊन जास्त शोषलं जावं म्हणून त्यात निळा रंग मिसळतात.