कंत्राटी कामगाराचा खरा मालक कोण?

कारखाना तोच, यंत्र तेच, पाळीही तीच. बदलते ते केवळ ओळखपत्रावरील कंत्राटदाराचे नाव. औद्योगिक वसाहती, रुग्णालये, विमानतळ, नगरपालिका अशा सर्वच ठिकाणी वर्षानुवर्षे या पद्धतीने काम करणारे कामगार आढळतात. 'उद्यापासून येऊ नका' असे तोंडी सांगितले गेले की अशा कामगारापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो दाद कोणाकडे मागायची हा. कंत्राटदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी कंत्राटदाराकडे. या विषयावरील कायदा व न्यायनिर्णय पाहिले असता बहुतेक सर्व हक्क अखेर एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात, तो म्हणजे या कामगाराचा खरा मालक कोण.

२४० दिवसांचा समज

'२४० दिवस भरले की कामगार कायम होतो' हा समज महाराष्ट्रात सर्वदूर पसरलेला आहे. त्याला आधार नाही असे नव्हे. औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ खालील महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस अखंड सेवा केल्यास त्याला कायम करण्याची तरतूद होती. मात्र ती आस्थापनेने स्वतः नेमलेल्या कामगारांसाठी होती. कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगाराला तिचा लाभ घ्यावयाचा, तर आपण कंत्राटदाराचे नव्हे, तर आस्थापनेचेच कामगार आहोत हे आधी सिद्ध करावे लागे.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील २४० दिवसांचा अर्थ याहून निराळा होता. इतके दिवस काम झाले की सेवा 'एक वर्षाची अखंड' मानली जाते आणि कामगार कपात करताना एक महिन्याची लेखी पूर्वसूचना किंवा तिच्याऐवजी वेतन, तसेच सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही हे संरक्षण कायम आहे. हे संरक्षण कपातीविरुद्धचे आहे. त्यातून कायमपण आपोआप मिळत नाही.

कायद्याचा प्रवास

मुंबईतील स्टँडर्ड व्हॅक्युम या तेलशुद्धीकरण कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली, सफाई व देखभालीचे नित्याचे काम कंत्राटी पद्धतीने करून घेण्यास मनाई करणारा निवाडा उचलून धरला. काम बारमाही आहे काय, उद्योगासाठी आवश्यक आहे काय, अन्यत्र ते नियमित कामगार करतात काय आणि पूर्णवेळ कामगारांना पुरेल इतके ते आहे काय, या कसोट्या पुढे कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० च्या कलम १० मध्ये आल्या. या कलमान्वये सरकार एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत अधिसूचनेद्वारे बंद करू शकत असे. पण पद्धत बंद झाल्यावर त्या कामगारांचे काय, याविषयी अधिनियम मौन बाळगून होता.

ही उणीव एअर इंडिया खटल्यात भरून निघाली असे काही काळ वाटले. डिसेंबर १९९६ मधील या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, कंत्राटी पद्धत बंद होताच कामगार मुख्य मालकाच्या सेवेत सामावले जातात, असे म्हटले. परंतु ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या खटल्यात घटनापीठाने हा निकाल रद्दबातल ठरवला. अधिसूचना निघाली म्हणून कामगार आपोआप सामावले जात नाहीत, हा आजचा पायाभूत नियम त्या निर्णयातून आला. मात्र याच निर्णयाने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या. कंत्राट केवळ देखाव्याचे असेल, तर कामगार प्रथमपासून मुख्य मालकाचेच मानले जातील. कंत्राट खरे असेल आणि ती पद्धत बंद झाल्यावर मुख्य मालक नियमित भरती करणार असेल, तर जुन्या कंत्राटी कामगारांना प्राधान्य द्यावे लागेल. वयाची अट आणि तांत्रिक नसलेली शैक्षणिक अट त्यांच्यासाठी शिथिल करता येईल.

मालक ओळखण्याच्या कसोट्या

कंत्राट खरे की देखाव्याचे, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. २०१४ च्या बलवंत राय सलुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यासाठी पुढील बाबी तपासल्या: नेमणूक कोण करतो, वेतन कोण देतो, कामावरून काढण्याचा अधिकार कोणाचा, शिस्तभंगाची कारवाई कोण करतो, सेवेत सातत्य आहे काय आणि कामावर पूर्ण नियंत्रण व देखरेख कोणाची आहे. केवळ कंपनीचा पर्यवेक्षक काम सांगतो एवढ्यावर निभावत नाही. कामगाराला कोठे पाठवायचे व ठेवायचे की नाही हे कंत्राटदार ठरवत असेल, तर कंपनीचे नियंत्रण दुय्यम ठरते, असे न्यायालयाने २००९ साली भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले होते.

या कसोट्या कठीण असल्या तरी अशक्य नाहीत. मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत दिलेला लढा याचे ठळक उदाहरण होय. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली त्यांच्या बाजूने निवाडा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातही त्यांचे कायमपण मान्य झाले.

कोणत्या मंचाकडे जायचे, हेही तितकेच महत्त्वाचे. २००१ च्या सिप्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मालक-कामगार नातेच वादग्रस्त असेल, तर अनुचित कामगार प्रथांविषयीच्या राज्याच्या १९७१ च्या अधिनियमाखाली थेट तक्रार चालणार नाही, असे ठरवले. हे नाते आधी औद्योगिक विवादात सिद्ध व्हावे लागते. चुकीच्या दारात उभे राहून वर्षे गमावलेल्या कामगारांची उदाहरणे कामगार चळवळीला नवी नाहीत.

शासकीय सेवेत

शासकीय सेवेतील तात्पुरत्या कर्मचाऱ्यांसाठी १० एप्रिल २००६ चा उमादेवी निर्णय निर्णायक ठरला. नियमित भरतीप्रक्रियेविना आलेल्यांना कायमपणाचा हक्क नाही, असे घटनापीठाने म्हटले. तथापि, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, उमादेवी निर्णयामुळे औद्योगिक न्यायालयांचे अनुचित प्रथा रोखण्याचे अधिकार संपत नाहीत, असा खुलासा केला. डिसेंबर २०२४ च्या जग्गो खटल्यात तर, दीर्घकाळ नित्याचे काम करून घेतलेल्यांचे न्याय्य हक्क नाकारण्यासाठी उमादेवी निर्णयाची ढाल करता येणार नाही, असे बजावण्यात आले.

नव्या संहितेतील स्थिती

१९७० च्या अधिनियमाची जागा आता व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. जुना अधिनियम मुळात २० कामगारांपासून लागू होता. महाराष्ट्राने ही मर्यादा आधीच ५० केली होती आणि संहितेतही ती ५० आहे. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास संहितेने मनाई केली आहे. परंतु सफाई, पहारा, उपाहारगृह, मालाची चढउतार, बागकाम, वाहतूक इत्यादी कामे गाभ्याची मानलेली नाहीत. आस्थापनाच त्या कामासाठी उभारलेली असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय जे काम सर्वसाधारणपणे कंत्राटदारामार्फतच होते, किंवा ज्यात अचानक वाढ झाली आहे, अशांसाठी अपवाद आहेत. म्हणजे वादाला जागा राहिलीच आहे.

कामगाराच्या बाजूच्या काही तरतुदी मात्र नीट लक्षात ठेवाव्यात. परवाना आवश्यक असूनही तो नसलेल्या कंत्राटदारामार्फत लावलेला कामगार मुख्य मालकाचा मानला जातो. कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार अशा सोयीही मुख्य मालकानेच पुरवावयाच्या आहेत. नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. वेतन संहितेनुसार मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाले पाहिजे आणि कामावरून काढल्यास किंवा राजीनामा दिल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हावयास हवा.

कागद आणि मुदत

खटला उभा राहतो तो कागदांवर. नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, प्रत्येक कंत्राटदाराच्या काळातील ओळखपत्रे, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, राज्य विमा योजनेचे कार्ड, पाळीचे तक्ते आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या लेखी सूचना जपून ठेवाव्यात. कंत्राटदार बदलूनही काम, जागा व पर्यवेक्षक तेच राहिले, हे याच कागदांतून दिसते. कोऱ्या कागदावर किंवा वाचून न पाहिलेल्या राजीनाम्यावर सही करू नये. कंत्राट संपताना अशा राजीनाम्यांची मागणी झाल्यास तो सेवेतील सातत्य तोडण्याचा प्रयत्न असू शकतो.

कामावरून काढले गेल्यास तक्रार लेखी करावी व तिची पोच घ्यावी. प्रथम कामगार आयुक्त कार्यालयातील समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. तेथे ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर काढून टाकलेला कामगार स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मात्र काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत. जुन्या अधिनियमात ही मुदत तीन वर्षांची होती. कायमपणाचा व मालक कोण याचा वाद सहसा सामूहिक स्वरूपाचा असल्याने तो संघटनेमार्फत मांडणे इष्ट. संघटना नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सल्ला घेता येतो. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना तेथे विनामूल्य विधी साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या अधिनियमाने दिला आहे. नव्या कंत्राटदाराकडे पुन्हा बोलावतील या आशेवर थांबलेल्या कामगाराची ही दोन वर्षे निघून जाणार नाहीत, याची काळजी त्याने स्वतःच घ्यावयास हवी.