खालच्या पट्टीतलं बर्मिंगहॅम

कोट चढवा. उन्हाळा आहे हे खरं, पण इंग्लंडचा आहे. साल १९७१, वार शनिवार, आणि तुम्ही उभे आहात बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात, काजळी धरलेल्या लाल विटांच्या घरांमध्ये.

आधी नाक सांभाळा! एचपी सॉसच्या कारखान्यातून व्हिनेगरचा झणका येतोय. नीट हुंगा, त्यात आपली चिंचही सापडेल; त्या सॉसमध्ये ती पडतेच. त्यावर ॲन्सेल्सच्या बिअर कारखान्यातून शिजणाऱ्या माल्टचा गोडसर, जड वास. आणि कुठेतरी पत्रा ठोकला जातोय. तो ठोका कानांच्या आधी तळपायांना कळतो.

ब्लॅक सॅबथ या बँडची चार पोरं इथलीच. गायक ऑझी ऑस्बर्न तर खाटीकखान्यात राबलाय, कारखान्यात मोटारींचे हॉर्न तपासत बसलाय. त्यांची तिसरी तबकडी, 'मास्टर ऑफ रिॲलिटी', नुकतीच आलीय. चला, घेऊन टाकू.

दुकानात शिरताना खांदा पुढे करा, नाहीतर दारातच अडकाल. सिगारेटचा धूर, दमट लोकर, घाम, खांद्यावर रुळणारे केस. गल्ल्यावरची बाई नवी नाणी घेते खरी, पण हिशेब अजून शिलिंगांतच पुटपुटते. फेब्रुवारीत चलन दशमान झालं, जिभेला अजून सवय नाही. तबकडी हातात आली की वेष्टनावरून बोट फिरवा. तबकडीच्या नावाची अक्षरं काळ्यावर काळी, उठावाची. डोळ्यांआधी बोटांनाच वाचता येतात. आत घडी घातलेलं पोस्टरही आहे.

रांगेत पुढे उभा असलेला पोरगा तुम्हाला घरी ओढून नेतो. घरात प्लेअर आहे ना, मग ओळखदेख कशाला हवी? समोरच्या खोलीत सहाजण दाटीवाटीने बसलेत, चहाचे कप जमिनीवर. सुई टेकते. खरखर. मग खोकला! एकच खोकला, पुन्हा पुन्हा. गिटारवाल्या टोनी आयोमीचा आहे तो. आणि त्याच्या पाठोपाठ गिटार.

सगळे गप्प. पहिली तबकडी या पोरांना पाठ आहे, ती बँडने एका दिवसात वाजवून मोकळी केली होती. पण या तबकडीचा आवाज त्याहून खाली उतरलाय. छातीच्या फासळ्यांत बसतो, कपातल्या चहावर वलयं उठवतो.

आयोमी डावखुरा, त्यामुळे तारा दाबतो उजव्या हाताने. पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्याच दिवशी, यंत्राने त्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. पठ्ठ्याने साबणाच्या प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोपणं केली, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. ताणलेली तार या बोटांना सोसत नाही. म्हणून त्याने तारा पातळ घेतल्या, आणि या तबकडीत काही गाण्यांसाठी त्या तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. गीझर बटलरचा बासही बरोबर उतरला. ज्या जडपणाला पुढे जग हेवी मेटलची खूण मानेल, तो दुखऱ्या हाताची सोय पाहताना आणखी गडद झाला. मला तो म्हणूनच इतका खरा वाटतो.

बाजू उलटा. मध्येच 'सॉलिट्यूड' लागतं: बासरी, हळुवार गळा. "हा ऑझी? शक्यच नाही!" कोपऱ्यातून पैज लागते. बासरी आयोमीची आहे, हे कळल्यावर तर आणखी गोंधळ. एवढा गडगडाट करणारी माणसं इतकी हळवीही वाजवतात, याचं नवल या खोलीत कोणी लपवत नाही.

मग 'इन्टू द व्हॉइड'. गिटार जमीन उकरत येते, बिल वॉर्डचे ढोल तिला पुढे रेटतात. सहाही मुंड्या एका लयीत हलू लागल्यात, सातवी तुमची. शेजारीण भिंत बडवते, वरच्या मजल्यावरून बहीण ओरडते, आणि पोरगा तुमच्याकडे बघत आवाजाचं बटण आणखी पिळतो. पिळणारच, तुम्हीच तर हाताने 'वाढव, वाढव' म्हणून खुणावताय.