एक टक्क्याची वाटचाल

घोडबंदर रस्त्यावरचा टॉवर असो, शीळफाट्याकडची वसाहत असो की कल्याणच्या खाडीकाठचा पूल, बांधकामावर होणाऱ्या खर्चाचा एक टक्का ते काम करणाऱ्या हातांसाठी बाजूला काढायचा, असे कायदा 1996 पासून सांगतो. हा पैसा ज्या तिजोरीत जातो, ते महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ मात्र 1 मे 2011 रोजी उभे राहिले. मधली पंधरा वर्षे कुठे गेली, हा या वाटचालीतला पहिला प्रश्न आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली त्याच पंधरा वर्षांत वाढली. चाळी पाडून इमारती झाल्या, भातखाचरांवर संकुले आली. ती बांधणारे गवंडी, सेंट्रिंगवाले, बारबेंडर आणि बिगारी काम संपले की दुसऱ्या साइटवर गेले, आणि त्यांच्या नावाचा पैसा बहुतेक काळ कोणी गोळाच केला नाही.

हा कायदा कुणाच्या कृपेने आलेला नाही. त्याचे मूळ काही अंशी आपल्याच राज्यात आहे. 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लढ्यातून आलेल्या या कायद्यामागचा विचार साधा आणि मोठा होता: ज्याचा मालक रोज बदलतो, त्याची नोंद मालकाकडे न ठेवता मंडळाकडे ठेवायची, मालकांनी मंडळात पैसे भरायचे आणि मंडळावर सरकार, मालक आणि कामगार असे तिघेही बसायचे. बांधकाम कामगाराचीही अडचण तीच होती. पण गोदामे आणि बाजार एका जागी राहतात, साइट राहत नाही. इमारत पूर्ण झाली की कामाची जागाच नाहीशी होते आणि माणसे पांगतात. म्हणून ही मागणी देशपातळीवर न्यावी लागली. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखाली 1985 च्या सुमारास बांधकाम मजुरांच्या केंद्रीय कायद्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. वेगवेगळ्या राज्यांतल्या संघटना तीत आल्या आणि मागणी संसदेपर्यंत पोहोचली. मुंबई परिसरात निर्माण मजदूर संघटनेसारख्या संघटना नाक्यानाक्यांवर कामगारांना एकत्र करत राहिल्या. दहा वर्षांनंतर, ऑगस्ट 1996 मध्ये दोन कायदे आले. एक सेवाशर्ती आणि सुरक्षेचा, दुसरा उपकराचा, म्हणजे त्या एक टक्क्याचा.

कायदा झाला, पण महाराष्ट्राचे नियम यायला 2007 उजाडले. तोपर्यंत त्याच राष्ट्रीय मोहिमेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते. 18 जानेवारी 2010 रोजी न्यायालयाने राज्यांना मंडळे स्थापण्याचे, नोंदणीचे आणि उपकर वसुलीचे स्पष्ट आदेश दिले, आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्राचे त्रिपक्षीय मंडळ आले. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला येतो; या मंडळाचा जन्मही त्याच दिवशीचा आहे. तो दिवस यावा म्हणून भांडणाऱ्या किती गवंड्यांचे वय तोवर साठीच्या पुढे गेले असेल, याचा विचार केला की मन विषण्ण होते, कारण नोंदणीची मर्यादाच 18 ते 60 वर्षे आहे.

मंडळ दोन वर्षांचे होत असताना, 4 एप्रिल 2013 रोजी, मुंब्र्याजवळ शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये सात मजली अनधिकृत इमारत कोसळली. 74 माणसे गेली. वर काम चालू होते आणि खालच्या मजल्यांवर मजुरांची कुटुंबे राहत होती. आपल्या भागातला सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. उपकर बहुधा नकाशा मंजूर करताना महापालिका भरून घेते. जिथे नकाशाच मंजूर नाही, तिथे उपकर घेणार कोण? अनधिकृत बांधकामालाही कायदा लागू आहे, पण वसुली होत नाही. कामगाराला नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बेकायदा इमारतीचा ठेकेदार अशा कागदावर सही करून स्वतःविरुद्ध पुरावा कशाला तयार करील? डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेराचे क्रमांक मिळवलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. घर घेतलेल्या कुटुंबांच्या दुःखावर बरेच लिहिले गेले आणि ते योग्यच होते. त्या इमारतींवर घाम गाळलेल्यांच्या दाखल्यांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

19 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय मोहिमेच्या त्या प्रकरणाचा निकाल दिला, तेव्हा देशभरात 37 हजार कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला होता आणि खर्च झाला होता सुमारे साडेनऊ हजार कोटी. काही ठिकाणी या पैशातून वॉशिंग मशीन आणि लॅपटॉप घेतल्याचेही न्यायालयापुढे आले. पैसा होता, माणूस नोंदलेला नव्हता. महाराष्ट्रात नोंदणीचे महत्त्व लोकांना खऱ्या अर्थाने कळले ते 2020 च्या टाळेबंदीत. नोंदणी जिवंत असलेल्यांच्या खात्यावर आधी दोन हजार, नंतर तीन हजार रुपये आले. शेजारच्याच खोलीत राहणाऱ्या, तेच काम करणाऱ्या बिगाऱ्याच्या खात्यावर काहीच आले नाही, कारण त्याच्याकडे नोंदणीचे कार्ड नव्हते.

आज त्या कार्डावर मिळणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शैक्षणिक साहाय्य आहे: सातवीपर्यंत वर्षाला अडीच हजार, आठवी ते दहावी पाच हजार, अभियांत्रिकीला साठ हजार, वैद्यकीय पदवीला एक लाख. बाळंतपणाला पंधरा हजार, शस्त्रक्रिया झाल्यास वीस हजार. नैसर्गिक मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख, कामावर अपघाती मृत्यू झाल्यास पाच लाख. नोंदणीचे शुल्क तर एक रुपयावर आणले गेले. मग नाक्यावरचा माणूस रास्तपणे विचारतो: सरकारी कार्ड मिळते, तर संघटनेचे सभासद कशाला व्हायचे?

उत्तर असे की कार्ड मजुरी मिळवून देत नाही. ठाण्या-कल्याणच्या साइटवर अजूनही बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला फक्त ‘खर्ची’ मिळते, म्हणजे पोटापुरते पैसे. उरलेली मजुरी मुकादमाच्या वहीत राहते आणि हिशेब काम संपल्यावर किंवा गावी जाताना होतो. जालना, परभणी, कलबुर्गी किंवा मालद्याहून आलेला माणूस घरी निघण्याच्या आदल्या रात्री भांडणार तरी किती? मिळेल ते घेऊन तो गाडीत बसतो. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे विकासकावर येते, असे कायद्यात आहे. पण विकासकाच्या कार्यालयात एकटा बिगारी आत जाऊ शकत नाही. सुरक्षारक्षकच त्याला परत पाठवतो. संघटनेचे पत्र आत जाते, त्यावर पोहोचल्याची सही घेतली जाते आणि त्याची प्रत कामगार कार्यालयात पोहोचते.

अपघाताच्या वेळी हा फरक जीवघेणा ठरतो. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरळांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवण्याचे यंत्र कोसळून 20 जण दगावले. पुढच्याच महिन्यात, 10 सप्टेंबरला, ठाण्यात बाळकुमला बांधकामाची लिफ्ट उंचावरून कोसळून सात कामगार गेले. मोठ्या दुर्घटनांत मदतीची घोषणा होते. पण परांचीवरून एकटा माणूस पडतो तेव्हा बातमीही छोटी येते, आणि ठेकेदार गावाहून आलेल्या भावाच्या हातावर लाख-दोन लाख ठेवून कागदावर अंगठा घेतो. आता हिशेब पाहा. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्याने मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणायची असे. वेतनाची मर्यादा 15 हजार आणि तीस वर्षांच्या कामगाराचा अंक 207.98. म्हणजे 15 लाख 59 हजार 850 रुपये. मंडळाचे पाच लाख यात धरलेले नाहीत. नोंदणी असेल तर ते वेगळे मिळतात. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. विधवा बाई गावी असते आणि साइटवरचे साक्षीदार पांगलेले असतात. त्यांचे पत्ते जपणारी, बाईला ठाण्यापर्यंत आणणारी संघटना नसेल, तर कायद्यातला हा आकडा कायद्यातच राहतो.

दुसरा प्रश्न भीतीचा असतो: नाव कळले तर नाक्यावरून कोण उचलेल? ही भीती खरी आहे, ती उडवून लावणाऱ्या कार्यकर्त्यावर मी विश्वास ठेवणार नाही. संघटनेत गेला म्हणून काम नाकारणे ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे, पण रोजंदारीवाल्याला उद्या न बोलावण्यासाठी कारण सांगावे लागत नाही. यावर उपाय एकच: नाक्यावरचे बहुसंख्य लोक एका वेळी सभासद होणे. दोघेच असतील तर त्यांना वगळता येते, अख्खा नाका वगळता येत नाही.

वर्गणीची शंकाही वारंवार येते. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या संहिता येईपर्यंत असंघटित क्षेत्रातल्या संघटनेची किमान वर्गणी कायद्याने वर्षाला तीन रुपये इतकीच ठेवली होती. प्रत्यक्षात संघटना त्याहून जास्त घेतात, आणि ते गैर नाही. बघायचे ते इतकेच की पावती मिळते का, संघटनेला नोंदणी क्रमांक आहे का, वर्षाचा हिशेब सभेत वाचला जातो का. कारण याच वाटेवर दलालही बसले आहेत. मंडळाने भांड्यांचे संच वाटायला सुरुवात केल्यापासून फॉर्म भरून देणाऱ्यांचा धंदाच झाला. ज्यांनी कधी थापी धरली नाही त्यांची कार्डे निघाली आणि खऱ्या गवंड्याचा अर्ज त्रुटी काढून परत आला. माझ्या मते मंडळाच्या वाटचालीतला हा सगळ्यात लाजिरवाणा भाग आहे. खरा कामगार कोण हे त्याच्या बरोबरीच्यालाच कळते. म्हणून ही पडताळणी नाक्यावरच्या संघटनांना बरोबर घेऊन व्हायला हवी.

मंडळाच्या नोंदणीला परप्रांतीय असाल तरी चालते का? चालते, काम महाराष्ट्रात झालेले असले पाहिजे. ठेकेदार दाखला देत नसेल तर? महापालिकेचा किंवा गावात ग्रामसेवकाचा दाखला चालतो, आणि तो मिळवायला पुन्हा चारजण सोबत असलेले बरे. बायकांचे काय? बहुतेक साइटवर नवरा-बायकोची हजेरी ‘जोडी’ म्हणून लागते, वहीत नाव नवऱ्याचे. घमेली तिनेही वाहिली, पण 90 दिवस तिच्या नावावर दिसत नाहीत. बाईने स्वतःच्या नावाने वेगळी हजेरी आणि वेगळी नोंदणी मागितलीच पाहिजे. तिचे स्वतःचे हक्क, विशेषतः तिच्या अपघाताचे, त्यावर अवलंबून आहेत.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1996 चे दोन्ही कायदे त्यांत मिसळले. मंडळ आणि उपकर कायम राहिले. पण स्वतःच्या घराच्या बांधकामासाठी उपकरातून मिळणारी सूट दहा लाखांवरून पन्नास लाखांपर्यंत गेली, आणि उपकर किती भरायचा याचे मूल्यांकन बांधणाऱ्याने स्वतः करायचे आहे. अशा व्यवस्थेत साइटवर किती माणसे होती आणि काम किती दिवस चालले, हे दुसऱ्या बाजूने सांगणारे कोणी हवे. ते काम संघटनाच करू शकते, म्हणून तिची गरज आता आधीपेक्षा जास्त आहे.

2025 मध्येच राज्याने साठीनंतरच्या बांधकाम कामगारांसाठी निवृत्तिवेतन जाहीर केले: दहा वर्षे नोंदणी असेल तर वर्षाला सहा हजार, पंधरा वर्षांना नऊ हजार, वीस वर्षांना बारा हजार. महिन्याला हजार रुपये फार नाहीत, तरी गवंड्याच्या म्हातारपणाला राज्य काही देणे लागते हे यात मान्य झाले. पण ही वर्षे नूतनीकरणाने मोजली जातात. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी, तुम्हा सर्वांना सांगणे इतकेच: आपली हजेरी आपल्या वहीत रोज लिहा, मुकादमाची सही शक्य तिथे घ्या, सभासदत्वाची पावती आणि मंडळाचे कार्ड एकत्र ठेवा, आणि गावी जाण्याआधी नूतनीकरणाची तारीख पाहा. मंडळ सुरू झाले तेव्हा, मे 2011 मध्ये नोंद झालेल्या कामगाराची वीस वर्षे मे 2031 मध्ये भरतील, आणि तीही मधल्या प्रत्येक वर्षी नूतनीकरण झाले असेल तरच.